छिद्रान्वेषी केक

चांगला फुगलेला, कुठेही न तडकलेला केक भांड्यातून बाहेर आला की माणूस सुरी शोधतो. अमेरिकेत 1970 च्या दशकात कुणीतरी सुरीऐवजी लाकडी चमच्याचा दांडा उचलला आणि त्या केकला वरून भोकंच भोकं पाडली. या कल्पनेमागे हौसेइतकाच धंदाही होता. न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात 1897 साली जन्मलेल्या जेल-ओ नावाच्या जेलीच्या पुड्या नव्या पिढीलाही खपवायच्या होत्या. पातळ जेली भोकांत ओतायची, केक फ्रिजमध्ये ठेवायचा, वर पांढरं क्रीम थापायचं. कापल्यावर पांढऱ्या केकमध्ये रंगीत पट्टे उतरलेले दिसतात. याला पोक केक म्हणतात. तिकडे 4 जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला लाल-निळी जेली ओतून तो देशभक्तीच्या सेवेत रुजू होतो.

हाच केक व्हिडिओवर पाहून बेळगावच्या टिळकवाडीतली एखादी सूनबाई तिरंगी करायला घेते, आणि दारातून आत आलेली निपाणीची आत्ती जागीच थबकते. "काय करूलालीस गं हे? एवढा बरा झालेला केक, त्याला भोकं कशाला पाडूलालीस?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या पाकशास्त्राला भोकाचं वावडं नाही. आंबोळीला जाळी पडली नाही तर तोंड वाकडं होतं, मेदूवड्याला तर भोकावाचून अस्तित्वच नाही. पण ही भोकं पदार्थ घडताना पडतात. पदार्थ पूर्ण झाल्यावर हत्यार घेऊन त्याच्या मागे लागणं हे आत्तीच्या पिढीला गुन्ह्यासारखं वाटतं.

खरी अडचण मात्र भोकांची नाही. ती आधी मुहूर्ताची आहे आणि मग रंगाची.

मुहूर्ताचं असं की देशभक्तीचा केक 15 ऑगस्टला करावा, तर ऑगस्टमध्ये बेळगावात पावसाची झड लागलेली असते. चादरी वाळत नाहीत तिथे गच्चीवरची पार्टी कुठली? मग उन्हाळ्यात कुटुंब गोळा करायचं तर दोन राज्यांची शालेय वेळापत्रकं समोर ठेवून पंचांग काढावं लागतं. कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतातही. महाराष्ट्रातल्या शाळा मेच्या तोंडाशी सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. म्हणजे बेळगावची पोरं सुटीला कंटाळलेली असतात तेव्हा कोल्हापूरची पोरं परीक्षेचे पेपर लिहीत असतात. कोल्हापूरची रंगात येतात तेव्हा बेळगावकरांच्या वह्यांना कव्हरं घालणं सुरू होतं. दोघांच्या मध्ये सापडतो तो मे महिना, आणि त्याच्या दारातच उभा असतो 1 मे.

या तारखेला दोन्हीकडे सुट्टी. कारणं मात्र वेगळी. कागलमध्ये त्या दिवशी महाराष्ट्र दिन असतो. दूधगंगा ओलांडून कोगनोळीचा टोल नाका पार केला की कर्नाटकात त्याच दिवसाचा नुसता कामगार दिन होतो. कोल्हापूरची भाचरं सकाळी शाळेत झेंडावंदन करून, निकाल हातात घेऊन चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीत जेवायला पोचतात, तेव्हा सकाळी ज्या दिवसाचे पेढे खाल्ले तो दिवस वाटेत कुठे गळला हे त्यांना कळत नाही. निपाणीच्या काकांना विचारलं तर ते उत्तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगापासून सुरू करतात आणि ताटं थंड होतात.

आता रंग. एरवी केकचा रंग ही पोरांची मर्जी. सीमाभागात प्रत्येक रंगाला मालक आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत जेलीची पुडी मागितली की हमखास मिळणारे प्रकार दोन: स्ट्रॉबेरी आणि अननस. नवखी सूनबाई दोन्ही घेऊन येते. एका भांड्यात लाल, दुसऱ्यात पिवळी जेली विरघळते आणि कुणालाही न विचारता स्वयंपाकघरात कर्नाटक राज्योत्सव सुरू होतो. वर पिवळा, खाली लाल हा कन्नड ध्वज म. राममूर्ती यांनी 1960 च्या दशकात तयार केला. हळद-कुंकवाचे ते रंग. ध्वज म्हणून त्यावर वाद घालता येईल, हळद-कुंकवावर कोण घालणार? तरीही ज्या घरातले आजोबा राज्योत्सवाच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, दंडाला निषेधाची काळी फीत बांधतात, त्या घरात हा केक टेबलावर मांडणं धाडसाचं काम. एखादी हुशार मुलगी सुचवते, मध्ये पांढऱ्या क्रीमचा थर देऊ, म्हणजे ओळखू येणार नाही. तिला इतिहास ठाऊक नसतो. मार्च 2018 मध्ये सिद्धरामय्या सरकारने राज्यासाठी जो अधिकृत ध्वज सुचवला तो नेमका तसाच होता: पिवळा, पांढरा, लाल, आणि मध्ये गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी. केंद्राने त्याला मान्यता दिली नाही, पण केकला केंद्राची मान्यता लागत नाही.

मग संत्र्याची जेली आणावी? नुसता केशरी केक कापला की कोल्हापूरची मंडळी टाळ्या वाजवतात आणि शेजारच्या कन्नड अज्जींना बोलावलेलं असल्यामुळे घरची मंडळी एकमेकांकडे बघतात. अज्जी निवांत खातात. त्यांना मधुमेह आहे आणि त्यांचं सगळं ध्यान आपली सून बघत नाही ना, याकडे असतं.

याहून अवघड प्रसंग 1 नोव्हेंबरला जन्मलेल्या पोरांच्या बापांवर येतो. त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यावर लाल-पिवळी मिरवणूक आणि दुसरीकडे महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिनाची फेरी. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. अशा दिवशी बेकरीच्या काउंटरवर मोठ्याने ब्लॅक फॉरेस्ट मागावा की चेरी लावलेला पायनॅपल? शहाणा बाप चॉकलेट म्हणतो. तपकिरी रंगाचा झेंडा अजून कुणी काढलेला नाही, आणि बेळगावचा कुंदा दोन्ही बाजूंना सारखाच प्रिय असण्याचं एक कारण हेही असावं. केकवर काय लिहायचं आणि कोणत्या लिपीत, हा प्रश्न बेकरीवाल्यांनी कधीच सोडवून टाकला आहे: हॅपी बर्थडे, इंग्रजीत. 2024 च्या कायद्याप्रमाणे कर्नाटकातल्या दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं. केक ही पाटी आहे की नाही, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. विचारू नये.

या सगळ्यातून मार्ग निघतो तो तिरंग्याचा. त्यावर आत्ती, अज्जी, काका, भाचरं सगळ्यांचं एकमत असतं. शहरही त्याला साजेसं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, दर दोन-चार घरांमागे कुणीतरी फौजेत. किल्ला तलावाकाठी 2018 मध्ये उभारलेला ध्वजस्तंभ 110 मीटर उंच. मानक ब्युरोचा शिक्का असलेला खादीचा राष्ट्रध्वज जिथे शिवला जातो ते हुबळीचं बेंगेरी इथून शंभरेक किलोमीटरवर. तेव्हा तिरंगी केकला बेळगावाइतकी योग्य जागा नाही असं वाटतं, तोवर घरातला वकील तोंड उघडतो.

प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक वकील असतो आणि तो जेवणाआधी बोलतो. तिरंगा कापायचा? सुरीने? 1971 चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सूनबाईच्या हातातला चमचा थांबतो. कायद्यात उशा, रुमाल, नॅपकिन यांची नावं आहेत, हे खरं. केकचं नाही. पण केकची शंका काल्पनिक नाही. ती मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आली आहे. 2013 च्या नाताळात कोइमतूरला 6 फूट बाय 5 फुटांचा केक झाला होता. त्यावर तिरंगी रंगातला भारताचा नकाशा, मध्ये अशोकचक्र. तो कापला आणि अडीच हजारांवर लोकांनी खाल्ला. हजर असलेल्यांत जिल्हाधिकारीही होते. तक्रार झाली, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि मार्च 2021 मध्ये न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी ते रद्द केलं. न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता: कार्यक्रम संपवून पांगलेल्या त्या लोकांच्या मनात देशाचा अभिमान असेल की अपमान? खटल्याला सात वर्षांवर गेली. तेवढ्यात केक खाल्लेली पोरं मतदार झाली असतील.

वकिलाचं समाधान झालं की भूमिती पुढे येते. राष्ट्रध्वजाचं लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2. अमेरिकन पोक केकचं ठरलेलं भांडं 13 इंच बाय 9 इंच. म्हणजे 9 इंच रुंदीला साडेतेरा लांबी हवी तिथे अर्धा इंच कमी. एवढी तूट देशप्रेमात धरत नाहीत. पण सीमाभागातल्या बहुसंख्य घरांत 13 बाय 9 नसतंच. असतो तो कुकर: शिट्टी आणि रिंग काढलेला, तळाला मीठ पसरलेला, त्यात जाळी आणि जाळीवर ॲल्युमिनियमचा गोल डबा. केक गोल येतो. गोल तिरंगा हा तिरंगा नव्हेच, तेव्हा अवमानाचाही प्रश्न मिटला, असं वकील सांगतो आणि फुकट सल्ल्याचा हिशेब चुकता करण्यासाठी काजू उचलतो.

गोल केकवर सारख्या उंचीचे तीन पट्टे आखले की एक गंमत होते. मधल्या पांढऱ्या पट्ट्याला जवळजवळ 42 टक्के क्षेत्रफळ मिळतं आणि केशरी व हिरव्याला प्रत्येकी 29. तिघांनाही सारखं हवं असेल तर मधला पट्टा अरुंद करावा लागतो. इथे काका खुर्ची पुढे ओढतात. सीमारेषा आखणं हा त्यांचा प्रांत. 1966 च्या ऑक्टोबरात नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला असं त्यात होतं. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटक तो जसाच्या तसा धरून बसलं, निपाणी जिथल्या तिथे राहिली, आणि 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या अहवालात जेवढी भोकं काकांना दिसतात तेवढी कुठल्याच केकला पाडता येणार नाहीत. काकांचं म्हणणं असं की पाटसकर सूत्र लावावं. हरी विनायक पाटसकरांनी आंध्र-मद्रास सीमा याच सूत्राने सोडवली होती: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या. केकला लावायचं तर भोक हा घटक धरावा. ज्या भोकात केशरी जास्त ते केशरीला. सलगता मोडत असेल तर मध्ये एक भोक जास्तीचं.

जेलीने पाटसकर वाचलेले नसतात. ती भोकातून उतरते आणि केकच्या आत वाट मिळेल तिकडे पसरते. वर पट्टी ठेवून आखलेली रेषा, आत केशरी पाण्याचा ओघळ थेट पांढऱ्यात.

भोकं किती जाड पाडावीत हा निपाणीचा खास वाद. अमेरिकन कृती चमच्याच्या दांड्याचं माप सांगते. तंबाखूच्या गावात मापं वेगळी. आत्तीने उमेदीची वर्षं विड्या वळण्यात घालवलेली. ती एकदाच बघते आणि निकाल देते: "विडीएवढं पुरं. त्याच्यापेक्षा मोठं केलंस तर केक ढासळतोय बघ." माप अचूक निघतं. विणकामाच्या जाड सुईने एक-एक इंचावर पाडलेली भोकं बरोबर तेवढीच होतात.

यानंतर रसायनशास्त्र. जेलीच्या बऱ्याच परदेशी पुड्यांत जिलेटिन असतं आणि जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून. शेजारच्या अज्जी लिंगायत, वरच्या मजल्यावरचं कुटुंब जैन, घरातल्या दोघींची एकादशी. (एकादशीला मैदा चालत नाही हा मुद्दा कुणी काढत नाही, कारण त्या दोघी फक्त क्रीम चाटणार आहेत.) तेव्हा चायना ग्रास. ते समुद्रशेवाळापासून होतं आणि एका बाबतीत जिलेटिनला हरवतं. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानाला पाझरू लागतं, म्हणजे मेच्या दुपारी निपाणीच्या ओट्यावर जेवढं असतं तेवढ्यालाच. चायना ग्रासची जेली एकदा बसली की वितळायला ऐंशीच्या पुढे तापमान लागतं. तोटा एवढाच की ती बसतेही चटकन, चाळिसाच्या आसपास आली की. फ्रिजमधला गार केक बाहेर काढून त्यावर ओतली तर अर्ध्या भोकात पोचेपर्यंत तिचा खडा होतो आणि वर नुसती केशरी साय उरते. केक कोमट हवा, जेली कढत हवी आणि हात चपळ हवा. जिलेटिनच्याच जेलीत ताज्या अननसाचा रस घालायचा मोह झाला तर आधी उकळावा. त्यातलं विकर तिला बसू देत नाही.

फ्रिजवर फार विसंबूनही चालत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चारनंतर खानापूरच्या बाजूने ढग चढतात, वळवाच्या गारा पत्र्यावर ताडताड वाजतात आणि हेस्कॉम या वीजकंपनीचा करंट जातो. अशा वेळी चायना ग्रास घातलेला केक अंधारातही ताठ उभा असतो, पण व्हिपिंग क्रीम मात्र टेबलाच्या कडेने खाली उतरू लागतं.

रंग कुठून आणायचा, हेही ठरवावं लागतं. कर्नाटक सरकार या बाबतीत सध्या फार जागं आहे. मार्च 2024 मध्ये गोबी मंच्युरियनमधले कृत्रिम रंग आणि कापूसमिठाईतलं ऱ्होडामाइन-बी यांवर बंदी आली, जूनमध्ये कबाबांची पाळी लागली, आणि त्याच वर्षी तपासलेल्या केकच्या 235 नमुन्यांपैकी 12 असुरक्षित निघाले. खाण्यात चालणारे कृत्रिम रंग देशभरात मोजून आठ. बेळगावच्या गाड्यावर आता गोबी फिकट दिसतो आणि गिऱ्हाईक त्याला आजारी आहे का विचारतं.

तेव्हा घरचे रंग. केशरीसाठी आमरस घ्यावा तर तो पिवळाच येतो, आणि पिवळा आला की मागचं सगळं पुन्हा सुरू. त्यात गाजराचा रस घातला की केशरी जमतो. हिरव्यासाठी पालक सुचवणाऱ्या काकूंना पोरं स्वयंपाकघरातून बाहेर काढतात. मग वाळ्याचं सरबत येतं, ज्यात कृत्रिम रंग आहेच, पण तो आधीपासून आहे म्हणून कुणी हरकत घेत नाही. चक्रासाठी कुंपणावरच्या गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकतात. सुंदर निळा उतरतो. कुणी त्यात चुकून लिंबू पिळलं तर डोळ्यांदेखत जांभळा होतो, आणि जांभळ्या चक्राला कोणतंही न्यायालय वाचवू शकत नाही. दातकोरणीने आरे ओढायचे, मोजून 24. बावीसपर्यंत जागा संपते. उरलेले दोन फौजेतून निवृत्त झालेले मामा चष्मा लावून बसवतात आणि बाकीच्यांना मागे सरकायला सांगतात.

संध्याकाळी केक कापताना शेवटचा पेच. पट्ट्यांना समांतर कापला तर एकाला नुसतं केशरी, दुसऱ्याला नुसतं हिरवं, आणि चक्र कुणाच्या ताटात यावरून युद्ध. आडवा छेद दिला तर बहुतेकांना तिन्ही रंग मिळतात, पण गोल केकच्या कडेचे दोन तुकडे पांढरेच राहतात. कोल्हापूरची भाचरं केशरी ओरबाडतात, वाळ्याला औषधाचा वास येतो म्हणून हिरवं बाजूला सारतात. ते बाजूला सारलेलं "थंड असतंय" म्हणत आत्ती गोळा करते आणि स्टीलच्या डब्यात भरते. अज्जी सुनेची पाठ फिरल्याचं बघून दुसरा तुकडा उचलतात.

काका एक घास घेतात. आयोग, सूत्र, दावा, चक्र सगळं पोटात जातं. रुमालाने मिशीला लागलेलं क्रीम पुसतात आणि स्वयंपाकघराच्या दिशेने बघत विचारतात, "बरं झालंय की. पण खारं काय केलंय काय नाही? चिवडा तरी आणा गा कुणीतरी."

मग चिवडा येतो, कांदा-लिंबासकट, आणि मंडळी खऱ्या अर्थाने खायला बसतात.